उलाळ गाडी

प्रवास म्हणजे घर सोडणे, अशी आमची आजवरची समजूत होती. दाराला कुलूप लावावे, किल्ली शेजारी द्यावी, तुळशीला पाणी घालण्याविषयी दोनदा बजावावे आणि मग स्टेशनचा रस्ता धरावा, ही आम्हांस ठाऊक असलेली प्रवासाची रीत. घर बरोबर घेऊन हिंडणारा प्राणी आमच्या माहितीत एकच, आणि त्याच्याविषयी आपली भाषा फारसे बरे बोलत नाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बिऱ्हाडकरूचे कौतुक करण्याचा आपला हेतू नसतो. असे असताना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कॉलेजातून रजा काढून, आम्ही स्वतःच विंचू झालो आणि शिकागोपासून ग्रँड कॅन्यनपर्यंत सुमारे सतराशे मैल एक जुने घर ओढीत नेले, ही हकीकत आमच्या स्नेह्यांना थट्टेची वाटली तर त्यांना दोष देता येणार नाही.

वस्तुतः ओढण्याचे काम आमच्या थोरल्या बंधूंकडे होते. आम्ही शेजारी बसून नकाशा धरीत होतो. दादा १९७३ साली शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. त्यामुळे त्यांची व आमची ओळख बंधू या नात्याने थोडी आणि टपालाने येणारे निळे पत्र या रूपाने अधिक. वहिनींना जाऊन तिसरे वर्ष लागले तेव्हा त्यांचा फोन आला. “ट्रेलर विकायचा म्हणतो. त्याआधी एक शेवटची फेरी करावी. तू येतोस का?” प्रश्न साधाच, पण त्यात विनंती होती, आणि दादांनी पूर्वी आम्हांस कशाची विनंती केल्याचे काही केल्या आठवेना. आम्ही होकार दिला.

त्या होकारामागे निव्वळ बंधुप्रेम होते असे भासविण्याचा खोटेपणा आम्ही करीत नाही. १९९६ साली आमची आई सात महिने अंथरुणाला खिळून होती. त्या सात महिन्यांत दादांचे पैसे दरमहा वेळेवर आले. दादा आले ते तेराव्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा जे बोलावयाचे होते ते आम्ही बोललो नाही. पैशाच्या बाबतीत आम्ही उधळे असू, पण न बोललेले वाक्य जपून ठेवण्यात आमच्यासारखा काटकसरी मनुष्य विरळा. ते वाक्य बरोबर घेऊनच आम्ही विमानात बसलो.

ट्रेलर १९७६ साली बांधलेला. दादांनी तो १९८४ मध्ये वापरलेलाच विकत घेतला. म्हणजे वयाने तो आमच्याहून दहा वर्षांनी धाकटा, परंतु दिसावयास आमच्याहून पुष्कळ थकलेला. बावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद अशा त्या पेटीत दोन बिछाने, गॅसची शेगडी, बसावयाचे मेज, न्हाणीघर आणि शौचकूप इतका प्रपंच बसविला होता. सर्वांत नवल वाटले ते फ्रिजचे. गॅसची बोटभर निळी ज्योत रात्रंदिवस जळत ठेवावयाची आणि तिच्या उष्णतेवर दूध थंड करावयाचे, असा त्याचा उफराटा धर्म. शिवाय त्यास जमीन सपाट लागते. घर एका बाजूस कलले तर आतील अमोनियाचा प्रवाह अडतो आणि ते काम सोडून देते. म्हणून मुक्कामाला पोचताच पहिले काम म्हणजे चाकांखाली लाकडी ठोकळे सारून घर सरळ करणे. पाणसळीतील बुडबुडा मधोमध आला की दादा “झाले” म्हणत, आणि मगच चहाचे आधण चढे.

अशा जुन्या घराची निगा ही एक विद्याच आहे. छपराच्या सांध्यांतून पाणी झिरपले तर खालची लाकडी जमीन कुजते, आणि ती कुजल्याचे कळते ते पाय आत गेल्यावर. चाकांच्या बेअरिंगांत वेळच्या वेळी नवे वंगण भरावे लागते. निघण्यापूर्वी दादांनी चारही टायर बदलले. जुन्या टायरांवरची नक्षी अगदी शाबूत पाहून आम्ही त्यांच्या उधळेपणाविषयी काही बोललो. त्यांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखविले. २३१५, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. “ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत,” ते म्हणाले, “उभे राहून राहून, नुसत्या वयाने मरतात.” प्राध्यापकाच्या धंद्यात तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाने यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हे फिरते घर अमेरिकेत आता शंभरीच्या जवळ आले आहे. १९३६ साली वॉली बायम नावाच्या गृहस्थाने विमानासारखे रिबिटे मारलेले, ॲल्युमिनियमचे चकचकीत ‘क्लिपर’ घर विकावयास काढले. त्याच्या ‘एअरस्ट्रीम’ कारखान्याची घरे पुढे जगभर फिरली. १९५९ मध्ये तर त्याने अशा घरांचा एक तांडाच्या तांडा केपटाऊनहून कैरोकडे नेला. १९६९ च्या जुलै महिन्यात चंद्रावर जाऊन आलेल्या तिघा वीरांना उतरल्याबरोबर ज्या खोलीत कोंडून ठेवले, तीही अशाच एका घरात फेरफार करून बनविलेली होती. मानवजातीचा सर्वांत लांबचा प्रवास करून आलेल्या या माणसांशी राष्ट्राध्यक्ष बोलले ते ट्रेलरच्या खिडकीतून! हे ऐकल्यापासून आमच्या बावीस फुटी बिऱ्हाडाविषयी आमच्या मनात थोडा आदर उत्पन्न झाला.

आमचा मार्ग बहुतेक जुन्या ‘रूट ६६’ च्या कडेने गेला. शिकागोहून निघून सँटा मोनिकाच्या समुद्राला भिडणारा हा रस्ता १९२६ साली नेमला गेला. १९५६ च्या कायद्याने देशभर रुंद महामार्गांचे जाळे विणण्यास सुरुवात झाली, आणि १९८५ मध्ये या जुन्या रस्त्याचे नाव सरकारी यादीतून निघाले. आता नव्या महामार्गावरून जाताना तो बाजूला कधी दिसतो, कधी गवतात नाहीसा होतो. १९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमाकडील हजारो शेतकरी अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागले, ते मोडक्या मोटारींवर गाद्या-भांडी बांधून याच रस्त्याने पश्चिमेस गेले. स्टाइनबेकची १९३९ ची कादंबरी आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकविली. पण त्या रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून चहा पिताना आम्हांस थोडा संकोच वाटला. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून साखर कारखान्यांकडे निघालेले ऊसतोड कामगार आमच्या डोळ्यांसमोर आले. कोंबडी, कळशी आणि तान्हे मूल एकाच गाडीत. चाकांवरचे बिऱ्हाड हौसेचे आहे की पोटाचे, हे बाहेरून पाहणाऱ्यास ओळखणे कठीण नसते.

आता एका अप्रिय विषयास हात घालणे भाग आहे. अशा घराच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात. एक सांडपाण्याची आणि दुसरी, वाचकांनी क्षमा करावी, मैल्याची. आमच्या ट्रेलरात या दोन्ही टाक्या पार मागच्या अंगाला होत्या. एकदोन दिवसांआड ठरलेल्या जागी जाड नळी जोडून त्या रिकाम्या कराव्या लागतात. दादा हे काम रबरी हातमोजे घालून शांतपणे करीत. चौथ्या दिवशी त्यांची पाठ धरली, म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही सोवळ्या-ओवळ्याचे बंड विद्यार्थिदशेतच केलेले. तथापि नळी हातात घेण्याची वेळ आली तेव्हा आमचे सात पूर्वज आमच्या खांद्यावर येऊन बसले. “पुढच्या मुक्कामी करू,” असे म्हणून आम्ही ते टाळले. पाचव्या दिवशीही टाळले. दादा काही बोलले नाहीत.

सहाव्या दिवशी आम्ही ओक्लाहोमा ओलांडून टेक्ससच्या उत्तरेकडील पठारावर आलो. झाड नाही, टेकडी नाही. वाऱ्याला अडविणारे काही म्हणून नाही. मोटारीचा वेग ताशी साठ मैलांच्या आतच होता. एक अवाढव्य मालमोटार आम्हांस मागे टाकून गेली, तिच्या वाऱ्याचा झोत बसला, आणि मागचे घर डुलू लागले. आधी मंद, हत्तीने मान हलवावी तसे, मग अधिक, मग असे की आमची मोटारही त्याच्या तालावर डावी-उजवी होऊ लागली. शेपटी कुत्र्याला हलवू लागली म्हणजे कुत्र्याची जी स्थिती होत असेल ती आमची झाली. आम्ही ओरडलो, “ब्रेक दाबा!” दादांनी तो दाबला नाही. चाक सरळ धरून त्यांनी वेग सोडला आणि हाताशी असलेली एक बारीक दांडी अंगठ्याने हळूहळू सरकविली. तिने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कोणी धरून ठेवावे तसे घर ताणले गेले, डुलणे थांबले, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिलो.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग दादा म्हणाले, “गाडी उलाळ झाली आहे.”

हा शब्द आम्ही चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. आजोळी बैलगाडी भरताना गडी तो वापरीत. ओझे मागे फार झाले की गाडीचे तोंड वर उचलले जाते, जू बैलांच्या मानेवर टेकत नाही; ती गाडी उलाळ. पन्नास वर्षे इंग्रजीत इंजिनियरी केलेल्या माणसाला अमेरिकेच्या महामार्गावर नेमका तोच शब्द आठवावा, याचे आम्हांस त्या घाबरलेल्या स्थितीतही नवल वाटले. आणि शब्द अगदी बरोबर होता. ओढल्या जाणाऱ्या घराच्या एकंदर वजनापैकी शेकडा दहा ते पंधरा भाग पुढच्या जोडावर टेकला पाहिजे, असा नियम आहे. त्याहून कमी टेकला तर घर मागून डुलू लागते. जू मानेवर नसलेल्या गाडीसारखे.

अमरिलो गावात मालमोटारींच्या थांब्यावर वजनकाटा होता. ट्रेलर जोडून एकदा आणि सोडून एकदा असे वजन केले. घर पाच हजार पौंडांचे. त्यातले जोडावर जेमतेम तीनशे. कारण शोधावयास लांब जावे लागले नाही. दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या. आम्ही मुकाट्याने रबरी हातमोजे मागितले. ते काम कसे पार पडले याचे वर्णन करीत नाही; एवढेच सांगतो की पूर्वजांपैकी कोणीही खांद्यावरून बोलले नाही.

“आता मागच्या बिछान्याखालची पेटी,” दादा म्हणाले. तिच्यातून डबे, हत्यारे आणि साखळदंड निघाले. आणि सर्वांत खाली, रजईत गुंडाळलेला, आमच्या घरचा पाटा व वरवंटा.

तो आम्ही पाहताक्षणी ओळखला. १९८९ साली आई सहा महिन्यांसाठी म्हणून दादांकडे गेली, तेव्हा तो तिने हट्टाने बरोबर नेला. अमेरिकेतील यंत्रांवर चटणी वाटता येते यावर तिचा विश्वास नव्हता. ती चार महिन्यांतच परतली, पण पाटा तिकडेच ठेवून. “राहू दे, त्यांच्या उपयोगी पडेल,” म्हणाली. आमच्या स्वयंपाकघरातली ती रिकामी जागा आम्हांस पुढे कित्येक वर्षे खुपत असे. आईची सेवा आमच्याकडे आणि आईचा पाटा त्यांच्याकडे, अशी ती वाटणी आम्ही मनात लिहून ठेवली होती. “हे धोंडे घेऊन सतराशे मैल?” आम्ही विचारले. स्वर चांगला नव्हता.

दादा हसले. १९५४ सालचा ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा एक विनोदी चित्रपट आहे; त्यात ल्युसिल बॉलने केलेली नवी नवरी प्रवासभर दगड गोळा करते आणि त्यांच्या भाराने डोंगरातल्या रस्त्यावर जीव जाण्याची वेळ येते. “तुझ्या वहिनीला तो फार आवडे,” ते म्हणाले. “मला वाटले होते, सिनेमातच असे होते.” मग त्यांनी पेटीचे झाकण उलटे करून उजेडात धरले. “हे बघ.”

झाकणाच्या आतल्या बाजूस पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी. पुन्हा चार आणि एक आडवी. घरी स्वयंपाकघराच्या दारामागे आई दुधाचा हिशेब याच रीतीने मांडी, पाचवी रेघ जरा लांब ओढून. मोजल्या तर एकोणीस भरल्या.

“मुक्काम मोजत होती,” दादा म्हणाले. “एकोणीस रात्री आई या घरात निजली. ग्रँड कॅन्यन बघायचा म्हणून निघालो होतो. अल्बुकर्कीपर्यंत गेलो, आणि परत फिरलो.”

आम्हांस यातले काहीच ठाऊक नव्हते. अमेरिकेविषयी आईने आमच्याजवळ दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. थंडी फार, आणि भाज्यांना चव नाही. परत का फिरलात, हे विचारण्यापूर्वीच आम्हांस उत्तर आठवले. त्या उन्हाळ्यात आम्हांस ताप आला होता. दादा दर रविवारी शेजाऱ्यांकडे फोन करीत, आम्ही शेजारी जाऊन बोललो आणि, “आई, तू केव्हा येतेस?” असे विचारले.

त्या रात्री अमरिलोच्या तळावर जेवणे झाल्यावर आम्ही दादांना ती गोष्ट सांगितली, जी आजवर कोणासही सांगितली नव्हती. ताप तीन दिवसांचा होता. फोन आला त्या रविवारी तो उतरला होता. आईने विचारले, “अजून आहे का रे?” आणि आम्ही “आहे” म्हणालो. तेवीस वर्षांचा, एम्.ए.चा अभ्यास करणारा मुलगा! आईने दादांकडे अधिक राहू नये एवढेच आमच्या मनात होते.

दादा थोडा वेळ मेजावरची पेन्सिल फिरवीत राहिले. “आईला कळले होते,” ते म्हणाले. “फोन ठेवून मला म्हणाली, आवाज तापातला वाटत नाही. मी म्हटले, मग पुढे जाऊ. तर म्हणाली, नाही, तो बोलावतो आहे.” मग पुष्कळ वेळाने, आमच्याकडे न पाहता, “ती फिरली. मी नाही फिरलो. शहाण्णव साली.”

अठ्ठावीस वर्षे जपलेले आमचे वाक्य दादांनीच, आमच्याहून कमी शब्दांत, उच्चारून टाकले होते. आमच्याजवळ बोलावयाचे काही उरले नाही. फ्रिजची ज्योत बारीक आवाज करीत होती. आम्ही उठून चहा केला.

दुसऱ्या दिवशी पाटा, वरवंटा, हत्यारे आणि डबे पुढच्या कपाटात, जोडाच्या जवळ नेऊन ठेवले आणि पुन्हा काट्यावर गेलो. जोडावरचे वजन साडेपाचशेच्या घरात आले होते. अठरा किलोच्या एका पाट्याने एवढी गाडी उलाळ होत नाही, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे; अधिक दोष टाक्यांचा, म्हणजे आमचा होता. दुपारी एड्रियन गावी पोचलो. तेथे रस्त्याच्या कडेस एक फलक आहे. शिकागो ११३९ मैल, लॉस एंजेलिस ११३९ मैल. जुन्या रस्त्याचा बरोबर मध्य. वारा आदल्या दिवसाइतकाच होता, मालमोटारीही तितक्याच गेल्या. घर मात्र मागून निमूटपणे येत राहिले.

अल्बुकर्कीस दादांनी झाकण काढून पेन्सिल आमच्या हाती दिली. एकोणिसाव्या रेघेपुढे आम्ही विसावी काढली. पाचवी येत होती, म्हणून ती आडवी आणि जरा लांब ओढली. त्यानंतर रोज एक. बाविसाव्या रेघेच्या दिवशी ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर, आमचे बिऱ्हाड उतरले. ती दरी मैलभर खोल आणि पावणेतीनशे मैलांहून अधिक लांब आहे. तिच्याविषयी थोरांनी पुष्कळ लिहिले असल्यामुळे आम्ही त्यात भर घालीत नाही. संध्याकाळी ट्रेलरच्या पायरीशी गोणपाट अंथरून आम्ही पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली. तिखट जास्त झाले. दादांनी दोनदा मागून घेतली.

परतल्यावर महिन्याच्या आत ट्रेलर विकला गेला. घेणाऱ्या तरुण जोडप्याला दादांनी टायरांचे आकडे, छपराचे सांधे आणि वजनाचा नियम अर्धा दिवस समजावून सांगितला. मागच्या पेटीला त्यांनी प्लायवुडचे नवे झाकण करून बसविले होते. जुने त्यांच्या खोलीत आहे.

निघताना पाटा आमच्या बॅगेत घालावा असे ठरले. विमान कंपनीची मर्यादा एका बॅगेस तेवीस किलोंची. न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग ठेवली, तर एकतीस भरली. दादा म्हणाले, “वरवंटा राहू दे हवा तर.” आम्ही बॅग उघडली, आत भरलेली पुस्तके एकेक करून बाहेर काढली, आणि ती टपालाने पाठवावयास सांगितली.